बनाबाईचे पट्टे

संध्याकाळची शेवटची बॅच सुटली की सयाजी सर क्लासची किल्ली ऋचाच्या टेबलावर ठेवत आणि स्कूटरला किक मारत. ती किल्ली टेबलावर वाजली की मागच्या कोपऱ्यातल्या मशीनपाशी खुर्च्या सरकत. कोपऱ्यातलं मशीन म्हणजे सगळ्या क्लासमधलं एकुलतं एक चांगल्या स्क्रीनचं मशीन, आणि त्यावर 'फर्न व्हॅली' होती.

प्राणिशास्त्रात बी. एस्सी. झालेली मुलगी साताऱ्यात कॉम्प्युटर का शिकवते, असं एखादा पालक विचारायचाच. ऋचा म्हणायची, दोन्हीकडे नीट बघावं लागतं. सर तिला बाजूला घेऊन सांगायचे, "असलं काही बोलू नकोस बाई, डिप्लोमा केलाय म्हणावं."

फर्न व्हॅली हा खेळ एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर होता. त्यात मारामारी नव्हती, गाड्या नव्हत्या, गुणसुद्धा नव्हते. एक दरी होती, नेच्यांनी भरलेली, आणि त्या दरीत निबी नावाचे प्राणी. सशाएवढे, खारीसारख्या शेपटीचे. अंड्यातून निघायचे, आपण टाइप करू ते शब्द शिकायचे, गोंजारलं की जवळ यायचे, टपली मारली की रुसायचे. मोठे व्हायचे, जोड्या जमवायचे, म्हातारे व्हायचे आणि एक दिवस नेच्याखाली निजायचे ते उठायचे नाहीत. पिल्लू आईवर किंवा बापावर जायचं. कान कुणाचे, शेपूट कुणाची, खादाडपणा कुणाचा, हे सगळं पुढे उतरायचं. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा ऋचाने तासाची वही मिटली आणि खुर्ची ओढून मुलांच्या मागे जाऊन बसली. तेव्हापासून ती रोजच बसायची.

मुलं म्हणजे दोघं. अवधूत तिचा सख्खा मावसभाऊ, माया मावशीचा. नुकतीच शेवटच्या वर्षाची परीक्षा दिलेला, उंच, सडपातळ, शर्टाच्या घड्या सांभाळून बसणारा. दुसरा इंद्रजित, कोरेगावकडच्या एका खेड्यातून रोज एसटीने येणारा त्याचा मित्र. तो खुर्चीवर नीट बसलेला कुणी कधी पाहिला नव्हता.

दरीतल्या सगळ्यात जाड निबीला इंद्रजितने आपल्या आजीचं नाव ठेवलं होतं. बनाबाई.

"आजीला कळलं तर काठी घेऊन येईल," अवधूत म्हणाला होता.

"येऊ दे की. हितं एसी हाय, जरा बसंल."

त्या मासिकात वाचकांच्या पानावर कुणीतरी विचारलं होतं की या खेळात एक पट्टेरी निबी असते असं ऐकून आहे, कुणी पाहिली आहे का. पुढच्या अंकांत उत्तरं आली. कुणाकडे पांढरी निघाली होती, कुणाकडे काळ्या कानांची. पट्टेरी कुणीच पाहिली नव्हती. शेवटी संपादकांनी लिहिलं, की ही बहुधा अफवा असावी.

एप्रिलातल्या एका संध्याकाळी अवधूत स्क्रीनकडे बघत सहज म्हणाला, "हिला तर आहेत की पट्टे."

"कुनाला?"

"बनाबाईला. पाठीवर. तीन."

इंद्रजितने नाक स्क्रीनला लावलं. ऋचानेही चष्मा पुसून बघितलं. सगळ्या निबींसारखीच बनाबाईची पाठ होती, तांबूस आणि शेवाळी ठिपक्यांची गर्दी, खिचडीसारखी. पट्टा म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

"गड्या, तुला म्हैसूरची काळजी लागलीय," इंद्रजित म्हणाला. "झोप काढ जरा."

म्हैसूरला हवाई दलाच्या निवड मंडळाकडे जायचं होतं. लेखी परीक्षा अवधूत पास झाला होता, पत्र आलं होतं. पायलट व्हायचं हे त्याचं सातवीपासून ठरलेलं होतं, आणि ते इतकं ठरलेलं होतं की घरात आता त्याबद्दल कुणी बोलत नसे. मावशीने दोन पांढरे शर्ट शिवून घेतले होते. मुलाखत, मैदानातल्या कसोट्या आणि मग मेडिकल. अवधूत रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर पळत चढायचा आणि उतरायचा. त्याच्या तब्येतीची काळजी कुणालाच नव्हती.

"कंदी पेढे लाव," अवधूत म्हणाला. "अर्धा किलो. पट्टे आहेत."

"लावलं. ताई साक्षीदार."

ऋचाला साक्षीदार व्हायचं नव्हतं, तिला बघायचं होतं. तिने अवधूतला खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसवलं. दरीतल्या सगळ्या निबींना खाऊ दाखवून एका जागी गोळा केलं, वरची नावं बंद केली, आणि त्यांचा घोळका झाल्यावर त्याला वळायला सांगितलं.

"बनाबाई कुठली?"

त्याने क्षणात बोट ठेवलं. बरोबर होतं.

"जाड हाय म्हणून वळखली," इंद्रजित म्हणाला.

तेही खरं होतं. मग ऋचाने स्क्रीनचं चित्र उचलून पेंटमध्ये टाकलं, प्रत्येक निबीच्या पाठीचा तेवढाच एकेक चौकोन कापला, कान नाहीत, शेपूट नाही, आणि सगळे चौकोन एकाखाली एक लावले. तिला स्वतःला ते सतरंजीचे तुकडे वाटले, एकासारखा एक. अवधूतने बनाबाईचा चौकोन काढून दाखवला. तिने क्रम बदलला, एक चौकोन उलटा केला. त्याने पुन्हा दाखवला, आणि म्हणाला, "उलटा लावलायस, ताई. पट्टे खाली गेलेत."

इंद्रजित गप्प झाला, ही त्या संध्याकाळची पहिली नवलाची गोष्ट. ऋचाच्या मानेवर काटा आला, तो आनंदाचा होता. कॉलेजमध्ये प्रात्यक्षिकाच्या तासाला सूक्ष्मदर्शकाखाली काहीतरी खरंच हललं की यायचा तसा.

त्याला दिसतंय हे नक्की होतं. मग आपल्याला का दिसत नाही? तिने चौकोन मोठा केला, इतका मोठा की प्रत्येक ठिपका लाडवाएवढा झाला. तरीही तांबूस, हिरवा, तांबूस, हिरवा, डोळ्यांपुढे नुसता काला. तिने पाठीचं चित्र प्रिंटरला पाठवलं, कागदावर पेन्सिलीने ठिपके मोजता येतील म्हणून.

क्लासचा प्रिंटर जुना डॉट मॅट्रिक्स, काळ्या रिबिनीचा. तो कर्कश ओरडत एकेक ओळ उमटवत गेला आणि कागद इंचाइंचाने वर आला. तिघंही वाकून बघत होते. पहिली करडी पट्टी आली. मग एक गडद. मग पुन्हा करडी.

"आयला," इंद्रजित हळूच म्हणाला.

तीन पट्टे होते. डावीकडून उजवीकडे, स्वच्छ, बोटाने गिरवता येतील असे. तिने बाकीच्या निबींच्या पाठीही छापल्या. त्या सगळ्या सपाट करड्या निघाल्या.

अवधूत हसला नाही, नाचला नाही. त्याने फक्त कागद फाडून घेतला, दोन्ही बाजूंची भोकांची किनार नीट सोडवली आणि म्हणाला, "मी मघापासून सांगतोय." इंद्रजित त्याला मिठी मारून पेढे आणायला पळाला. मासिकाला कळवायचं, नाव छापून येणार, बनाबाई भारतात पहिली, असं काहीबाही तो जिन्यावरून ओरडत गेला.

ऋचा प्रिंटरकडे बघत राहिली. त्या प्रिंटरला रंग कळत नव्हते. त्याला फक्त गडद आणि फिकं कळत होतं. म्हणून ठिपक्यांची ती सगळी गर्दी त्याच्यापुढे विरघळली, आणि खालच्या गडद रेघा उरल्या. जे प्रिंटरला दिसलं, तेच अवधूतला दिसलं होतं.

अनुवंशशास्त्राच्या तासाला बाईंनी एक पुस्तक फिरवलं होतं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांची चकती आणि तिच्यात लपलेला आकडा. लाल आणि हिरवा ज्यांना वेगळा दिसत नाही, त्यांना तो आकडा वाचता येत नाही. पण शेवटीशेवटी दोन-तीन पानं उलटी होती. त्यांतला आकडा बाकी सगळ्या वर्गाला दिसत नाही, फक्त त्यांनाच दिसतो. बनाबाईची पाठ म्हणजे त्या पुस्तकातलं उलटं पान होतं.

तिला पाचगणी आठवली. मागच्या वर्षी सगळे स्ट्रॉबेरीच्या मळ्यात गेले होते आणि अवधूतच्या टोपलीत निम्मी फळं कच्ची निघाली होती. मावशी म्हणाली होती, "लक्ष कुठं असतं रे तुझं?" तो हसला होता. नंतर तो प्रत्येक फळ दाबून बघत होता, मग तोडत होता.

"ताई, तू पेढा घे ना," अवधूत म्हणाला. इंद्रजित परत आला होता हेही तिला कळलं नव्हतं.

"घेते," ऋचा म्हणाली.

पायलटला रंग दिसावेच लागतात. ते तिला माहीत होतं, कुणालाही माहीत असतं.

*

तिने त्याला सांगितलं नाही. एका चाचणीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते शास्त्राला धरून होतं. पण खरी गोष्ट अशी की, त्याच्या तोंडावरचा तो शांत आनंद तिने पाहिला होता आणि तो पुसायचं काम तिला नको होतं.

रविवारी दोघांना सांगलीला जायचंच होतं. दर वर्षी बेदाण्याचा हंगाम झाला की तासगावहून आजोबांचा, म्हणजे अण्णांचा, जुना विद्यार्थी बिराप्पा आपल्या शेडमधला बेदाणा पोत्याने आणून टाकायचा. मग अण्णांच्या घरी वाटणी बसायची. शिवाय म्हैसूरला जायच्या आधी अवधूतला अण्णांच्या पाया पडायचं होतं. ऋचाला मात्र आणखी एक काम होतं. आईच्या तोंडून तिने लहानपणापासून ऐकलेल्या अण्णांच्या गमती तिला आता गमती वाटत नव्हत्या. माया मावशीच्या साखरपुड्याला अण्णांनी हौसेने हिरवा म्हणून चॉकलेटी शालू आणला होता. भाजी आणायला आजी त्यांना कधी पाठवत नसे. लाल-हिरवं न कळण्याची गोष्ट वडिलांकडून मुलीकडे येते, मुलीत दिसत नाही, आणि मुलीच्या मुलात पुन्हा वर येते. हे तिने परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. चांगले गुणही मिळाले होते.

अण्णा म्हणजे तिच्या आणि अवधूतच्या आईचे वडील. तासगावच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आता विश्रामबागेत राहणारे. बोलायला कमी, ऐकायला तयार. बोलण्याचं खातं विनोदिनीआजीकडे होतं.

आजीने हॉलमध्ये जुनी पांढरी चादर अंथरली आणि बेदाणा ओतला. घरभर गोड, किंचित आंबूस वास पसरला. या वाटणीचा शिरस्ता ठरलेला होता. हिरवा बेदाणा एकीकडे, तो पाहुण्यांना, सणाला, व्याह्यांना. तांबूस झालेला दुसरीकडे, तो घरात खायला. निवडायला सगळ्यांनी बसायचं, अण्णांनी सोडून. अण्णांनी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचायचं.

"मायाचं लग्न झालं त्या वर्षी एकदा बसवलं होतं यांना," आजी दर वर्षी सांगायची, "व्याह्यांकडे काय गेलं ते देवाला ठाऊक."

अवधूत लहानपणी निवडण्यापेक्षा खायचा जास्त, म्हणून त्याला उठवून लावत. मोठा झाल्यावर परीक्षा असायच्या. त्या दिवशी मात्र आजीने त्याचा हात धरून बसवलं. "साहेब होणार आहेस, बस आमच्यात. पुन्हा कधी येशील कोण जाणे."

तो बसला. गप्पा मारत, भराभर हात चालवत. ऋचा समोर बसली होती. तिचे हात कामात होते आणि डोळे त्याच्या हातांवर. त्याच्यासमोर दोन ढीग वाढत होते. दोन्ही ढिगांत हिरवं होतं, दोन्हीत तांबूस होतं.

आजीने मान वर केली. "अरे, हे रे काय केलंस?"

"का? निवडतोय की."

"ह्याला निवडणं म्हणतात? दोन्हीकडे सारखाच काला केलायस. अण्णांचा नातू शोभतोस बघ," असं म्हणून आजी हसायला लागली, आणि मग कुणी हसत नाही हे पाहून थांबली.

अण्णांनी वर्तमानपत्र खाली घेतलं होतं.

"अवधूत," ते म्हणाले, "हे दोन ढीग तू कशावरून केलेस?"

अवधूतने ढिगांकडे बघितलं. "हे जरा टपोरे आहेत. आणि हे चिमलेले."

"बरोबर आहे. मीही तसेच केले असते."

अवधूतने एक बेदाणा उचलला, ऋचाच्या ढिगातला. दुसरा आजीच्या ढिगातला. दोन्ही तळहातावर ठेवून त्याने खिडकीकडे धरले. मग हात खाली घेतला आणि ऋचाकडे बघितलं.

"ताई, ती प्रिंट काढली त्या दिवसापासून तू माझ्याशी नीट बोलत नाहीयेस."

"हो."

"तुला तेव्हाच कळलं."

"वाटलं होतं. आता कळलं."

आजीला काही समजेना. "काय कळलं? अहो, काय कळलं यांना?"

"विनोदिनी, चहा टाक," अण्णा म्हणाले. आजी काही न बोलता उठली. असं कधी होत नसे.

अण्णा खुर्चीतून उतरून सावकाश चादरीच्या काठाशी बसले. गुडघा वाजला. त्यांनी अवधूतच्या ढिगातला मूठभर बेदाणा घेतला आणि खायला लागले.

"नकाशात मैदान हिरवं असतं आणि डोंगर तपकिरी," ते म्हणाले. "मला दोन्ही एकच. नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवशी नकाशा टांगला आणि घाम फुटला."

"मग शिकवलंत कसं?" अवधूतने विचारलं.

"नद्या निळ्या असतात. निळं मला चांगलं दिसतं. नदी जिथून निघते तिकडे डोंगर, जिकडे जाते तिकडे मैदान. माझी पोरं नद्यांत कधी चुकली नाहीत. बिराप्पाला विचार, अजून कृष्णेच्या उपनद्या क्रमाने म्हणेल."

अवधूतने हातातले दोन्ही बेदाणे चादरीवर ठेवले. मग म्हणाला, "नद्या बघून विमान चालवता येत नाही, अण्णा."

"नाही येत," अण्णा म्हणाले.

त्यांनी हात अवधूतच्या पाठीवर ठेवला.

चहा झाल्यावर अवधूत अचानक उठला. त्याच्या बॅगेत फ्लॉपी होती, बनाबाईचं चित्र असलेली. तो सगळ्यांना दाखवायला घेऊन आला होता. समोर भाऊसोंचं डीटीपी सेंटर होतं, लग्नपत्रिका छापायचे. रविवार असूनही उघडं होतं, कारण मुहूर्त दाट होते. अवधूत, अण्णा आणि ऋचा रस्ता ओलांडून गेले. भाऊसोंनी 'आमचे येथे श्रीकृपेकरून' स्क्रीनवरून बाजूला केलं आणि फ्लॉपी घातली.

"हा काय ससा हाय का?" भाऊसो म्हणाले.

"अण्णा, तुम्ही सांगा," अवधूत म्हणाला. "काय दिसतंय?"

अण्णांनी चष्मा वर ढकलला. "खार आहे की. पाठीवर पट्टे आहेत. पण खारीला इतके जाड नसतात."

"कुठं हायत पट्टे?" भाऊसो पुढे वाकले. "मास्तर, तुमचा नंबर वाढला. ठिपकं हायत नुसतं."

"पट्टे आहेत," अण्णा आणि अवधूत एकदम म्हणाले, आणि एकमेकांकडे बघू लागले. त्या दोघांच्या मध्ये उभी असलेली ऋचा त्या स्क्रीनकडे डोळे ताणून बघत होती. तिला ठिपकेच दिसत होते.

*

परतीच्या एसटीत अवधूतने खिडकी घेतली. आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं. मांडीवर बेदाण्याची पिशवी होती. पेठ नाक्यावर गाडी थांबली तेव्हा तो बोलला.

"तुझ्यातही असेल का ते?"

"असण्याची शक्यता निम्मी. मला दिसणार नाही. मुलगा झाला तर त्याच्यात दिसेल कदाचित."

"मग त्याला स्ट्रॉबेरीला नेऊ नकोस. मार खाईल बिचारा."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले म्हणून तिने पर्समध्ये उगाच काहीतरी शोधलं. त्याने ते बघितलं आणि बाहेर बघायला लागला.

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"तेव्हा सांगितलं असतंस तर मी खोटं म्हटलं असतं. अण्णांना कसं खोटं म्हणू?" थोड्या वेळाने तो म्हणाला, "आईला शर्टाचं काय सांगायचं?"

"म्हणजे जाणार नाहीस?"

"नाही. जाणार." त्याने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "मेडिकल शेवटी असतं. मुलाखत आधी. तू पायलट का होणार, असं विचारतात तिथं. त्याचं उत्तर मी सातवीपासून पाठ केलंय, ताई. एकदा तरी कुणाला तरी सांगून येतो."

कऱ्हाडच्या पुलावरून गाडी जाताना त्याने खाली कृष्णा-कोयनेच्या पाण्याकडे बघितलं. ते पाणी दोघांनाही सारखंच दिसत असणार, असा विचार तिच्या मनात आला.

"बनाबाई म्हातारी झालीय," अवधूत म्हणाला. "मी येईपर्यंत राहील असं वाटत नाही. पण तिने अंडं घातलंय, मोठ्या नेच्याच्या मागे. ते सांभाळ. इंद्रजितला हात लावू देऊ नकोस, तो टपल्या मारतो."

*

तो मिरजेहून गाडीत बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी बनाबाई नेच्याखाली निजली ती उठली नाही. इंद्रजितने टोपी काढली. थट्टा म्हणून काढली असावी, पण पुन्हा घालायला त्याने बराच वेळ लावला. "आता गावाकडं जाऊन आजीला बघून येतो," तो म्हणाला आणि खरंच त्या संध्याकाळी लवकर गेला.

अंडं फुटलं ते दुपारच्या बॅचमध्ये. ऋचा फळ्यावर काहीतरी लिहीत होती, मागून बारीक चीची ऐकू आली आणि तिने खडू तसाच सोडला. पिल्लू नेच्याच्या पानाआडून तोंड काढून बघत होतं. आईसारखंच जाड होणार हे आत्ताच दिसत होतं. पाठीवर तांबूस आणि शेवाळी ठिपके होते.

पट्टे आहेत की नाहीत, हे तिला दिसत नव्हतं.

मागे प्रिंटर होता. चित्र उचलायचं, पाठवायचं, कर्रकर्र आवाज, झालं. दोन मिनिटांचं काम. शंका असताना साधन हाताशी ठेवून बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. बॅच संपल्यावर ती दोनदा प्रिंटरपाशी गेली. एकदा तर कागदही लावला. मग तो कागद तिने काढून घेतला, त्यावर कुणाच्या तरी फीची पावती लिहून दिली, आणि पिल्लाला 'ये' हा शब्द शिकवत बसली.

"ताई, छापून बघू की," इंद्रजित रोज म्हणायचा.

"थांब."

"का पन?"

"थांब म्हटलं ना."

त्या दिवसांत ती पिल्लाला रोज गोंजारायची. ते तिच्या माउसच्या बाणामागे दरीभर धावायचं. त्याच्या पाठीवर ती इतका वेळ नजर लावून बसे की रात्री डोळे मिटले तरी ठिपके दिसत. तिने डोळे बारीक करून बघितलं, लांबून बघितलं, चष्मा काढून बघितलं. अवधूतसारखं बघण्याचा प्रयत्न करून पाहिला. कधीकधी वाटायचं, आहे, मध्ये एक रेघ आहे. पण ते तिला हवं होतं म्हणून दिसत होतं की खरंच होतं, हे ठरवता येत नव्हतं, आणि जे ठरवता येत नाही ते तिने धरलं नाही.

अवधूत आला तो स्टँडवरून थेट क्लासला. खांद्याला होल्डॉल, अंगात पांढरा शर्ट, तोच, चुरगळलेला. सयाजी सरांची किल्ली नुकतीच टेबलावर वाजली होती.

इंद्रजित खुर्चीतून उठला. "काय झालं रं?"

"बोर्ड पास. पाचजण घेतले, त्यात मी." त्याने होल्डॉल खाली ठेवला. "मेडिकलला डॉक्टरांनी ताईने सांगितलेलं ते ठिपक्यांचं पुस्तक काढलं. मी म्हटलं, सर, पहिलं पान वाचतो, मधली येणार नाहीत, शेवटची येतील. ते म्हणाले, पाठ करून आलायस का? म्हटलं, नाही सर, आमच्याकडे एक बनाबाई होती."

"मग?"

"मग काय. त्यांनी सगळं पुस्तक तपासलं. मी म्हटलं तसंच निघालं." त्याने चुरगळलेली बाही सरळ केली. "उत्तर मात्र सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मुलाखतीत. मधे कुणी तोडलं नाही."

ऋचाने पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला. "आता काय?"

"आता आईकडे जायचं आहे," तो म्हणाला. "त्याआधी जरा बसतो."

ती बाजूला झाली आणि कोपऱ्यातल्या मशीनसमोरची खुर्ची त्याच्यासाठी ओढली. पिल्लू नेच्याशी खेळत होतं. तिने 'ये' टाइप केलं. ते वळून धावत पुढे आलं, मग पाठ करून बसलं, आईसारखंच, ऐसपैस.

"म्हणजे अंडं फुटलं," अवधूत म्हणाला. "छापलं नाहीस?"

"नाही."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. खुर्ची पुढे घेतली. पाण्याचा घोट घेतला आणि ग्लास हातातच धरून बघत राहिला. बाहेर राधिका रोडवर एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

"एक आहे," शेवटी तो म्हणाला. "मधला. आईपेक्षा फिका आहे, आणि शेपटीपाशी जरा तुटलाय. पण आहे." त्याने काचेवर बोट ठेवून मानेपासून खाली हळूहळू आणलं, आणि शेपटीच्या जरा आधी उचललं. "इथपर्यंत."

ऋचाने त्याच्या बोटामागोमाग बघितलं. तिला ठिपकेच दिसले. तिने खडू घेऊन फळ्यावर, उद्याच्या तासाच्या मजकुराखाली लिहिलं, की बनाबाईच्या पिल्लाला एक पट्टा, मधला, शेपटीपाशी तुटलेला.

इंद्रजितने प्रिंटरचं बटण दाबलं होतं. हिरवा दिवा लागला होता. "काढू का प्रिंट? खात्रीला?"

"नको," ऋचा म्हणाली. "त्याने बघितलंय ना."